आपलेच दात, आपलेच हाड

मराठी माणसाने दातांवर जितक्या म्हणी रचल्या, तितक्या, नाकाचा अपवाद सोडला तर, दुसऱ्या कोणत्याही अवयवावर रचल्या नसाव्यात. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. दात कोरून पोट भरत नाही. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. आणि घरच्याच माणसाने घात केला तर ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ असे म्हणून मुकाट्याने रक्त गिळायचे. या सगळ्या म्हणींत एक गोष्ट समान आहे. दात तोंडात आहे तोवरच त्याला किंमत. एकदा तो पडला, की तो जसा तोंडातून जातो तसा म्हणीतूनही जातो. पडलेल्या दाताचे पुढे काय करायचे, याबद्दल आमची म्हण काही बोलत नाही.

गेल्या साधारण पाव शतकात दंतवैद्यांनी या प्रश्नाला एक उत्तर शोधून काढले आहे. काढलेला दात साफ करायचा, दळायचा आणि त्याची भरड त्याच माणसाच्या जबड्यात, जिथे हाड कमी पडले असेल तिथे भरायची. काही महिन्यांनी त्या भरडीभोवती नवे हाड धरते. दाताच्या मुख्य घटकाला दंतिन म्हणतात. म्हणजे माणसाच्या स्वतःच्या दंतिनाचे त्याच्याच हाडाला ठिगळ. ‘आपलेच दात, आपलेच हाड’ ही आता म्हण न राहता उपचार झाला आहे.

मी वैद्य नव्हे. इंदापूर तालुक्यातल्या शाळांतून इतिहास शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. नवी वस्तू दिसली की तो तिचे बापजादे शोधू लागतो. या दातांच्या भरडीचे बापजादे शोधताना मला जो प्रश्न वाटेत पुन्हापुन्हा आडवा आला, तो वैद्यकातला कमी आणि नीतीतला अधिक आहे. एका माणसाचे शरीर दुरुस्त करायचे, तर त्याची किंमत कोणाच्या शरीराने मोजायची? हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

आधी जबड्याचे गणित समजून घेऊ. भिंतीत खुंटी ठोकावी तसा दात हाडात ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचा वेढा असतो आणि ते तंतू दाताला हाडाशी बांधून ठेवतात. घास चावला की तो भार तंतूंवाटे हाडाला पोहोचतो आणि त्या रोजच्या मेहनतीवर ते हाड टिकून राहते. दात गेला की हाडाला काम उरत नाही; आणि शरीर हा असा कारभारी आहे, की ज्याला काम नाही त्याला तो पोसत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ साली ४६ रुग्णांची मोजमापे प्रसिद्ध केली. दाढ काढल्यानंतर त्या जागेच्या हाडाची रुंदी सरासरी बारा मिलिमीटरवरून वर्षभरात सहाच्या खाली आली होती, आणि यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीनच महिन्यांत झाली होती. म्हातारपणी गाल बसतात, हनुवटी पुढे येते आणि खालची कवळी बोलता बोलता उडते, त्याचे मूळ इथे आहे. कवळीला बसायला ओटाच उरत नाही.

आमच्या बारामती-इंदापूरच्या मुलखात ही काही दूरची गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा इकडे आला आणि दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. पुढे वालचंदनगर झाले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथे धुराडी उभी राहिली. ज्या घरांत गूळ सणासुदीला निघायचा, तिथे चहाच्या प्रत्येक कपात साखर आली. कालव्याने या तालुक्यांना जे दिले ते मोलाचेच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण साखर दातांना कीड लावते हे शास्त्र आहे आणि ते साखर पिकवणाऱ्यालाही सोडत नाही. त्यात मशेरीची भर. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटावर घेऊन हिरड्यांवर घासणे म्हणजेच दात घासणे, अशी समजूत आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांची होती. बीडकडून, नगरकडून ऊसतोडीला येणाऱ्या बायकांच्या कनवटीला मशेरीची डबी मी वर्षानुवर्षे पाहिली आहे. तंबाखू हिरड्यांना खाते, हिरड्या हाडाला सोडतात आणि चाळिशीतच दात हलू लागतात. तेव्हा जबड्याचे हाड कसे राखावे, हा प्रश्न शहरातल्या शौकिनांचा नाही. भाकरी चावून खाणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

आता इतिहासाकडे वळू. शरीराचा एक तुकडा गेला तर दुसरीकडून आणून बसवावा, ही कल्पना फार जुनी आहे. आणि ‘दुसरीकडून’ या शब्दातच तिची सारी मेख आहे. आमच्या पुराणात दधीची ऋषींनी वज्रासाठी आपली हाडे दिली. ती त्यांनी आपणहून दिली, म्हणून ते दान ठरले. युरोपातल्या गोष्टी इतक्या निर्मळ नाहीत. ॲम्स्टरडॅमच्या योब वान मेकेरेन या शस्त्रवैद्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६६८ साली निघाले. त्यात त्याने एक ऐकीव हकीकत नोंदवून ठेवली आहे. रशियात एका सरदाराच्या कवटीला पडलेले भगदाड कुत्र्याच्या कवटीचे हाड बसवून बुजवण्यात आले. माणूस बरा झाला. परंतु धर्मपीठाने त्याला बहिष्कृत केले, कारण ख्रिस्ती डोक्यात कुत्र्याचे हाड! बिचारा ते काढून घ्यायला तयार झाला, पण तोवर ते पक्के जडले होते. ही हकीकत खरी असो वा नसो, तिच्यातली अडचण खरी आहे. परके हाड शरीराने एक वेळ स्वीकारले तरी समाज स्वीकारीलच असे नाही, आणि माणूस दोहोंतही राहत असतो.

दातांचा इतिहास तर याहून ओशाळवाणा आहे. अठराव्या शतकात लंडनच्या जॉन हंटर या थोर शस्त्रवैद्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रुजवून पाहिला. त्याच्या शब्दाला वजन होते. त्यामुळे श्रीमंतांच्या किडलेल्या दाताच्या जागी गरिबाचा ताजा, जिवंत दात उपटून बसवण्याची टूम निघाली. रोलंडसन या चित्रकाराचे १७८७ सालचे एक व्यंगचित्र प्रसिद्ध आहे. त्यात एका धुराडी साफ करणाऱ्या पोराचा दात उपटला जात आहे, शेजारी नटलेल्या बाईसाहेब त्या दाताची वाट पाहत बसल्या आहेत आणि दात देऊन झालेली गरीब मुले गाल धरून दाराबाहेर पडत आहेत. असे दात फार दिवस टिकत नसत. उलट त्यांच्याबरोबर एकाचे रोग दुसऱ्याच्या तोंडात जात. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनच्या हिशेबवहीत १७८४ सालची एक नोंद आहे. दंतवैद्याच्या खात्यावर, गुलामांकडून घेतलेल्या नऊ दातांबद्दल सहा पौंड दोन शिलिंग. मनुष्यच विकत घेतलेला, तिथे त्याच्या दाताचा सौदा तो काय! आणि १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणात पडलेल्या तरुण सैनिकांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकले गेले. अशा दातांना इंग्लंडात पुढे ‘वॉटर्लूचे दात’ असेच नाव पडले. नेपोलियनचा पराभव शाळेत शिकवताना आम्ही मास्तर मंडळी सेनापतींची नावे पाठ करून घेतो. मेलेल्या पोरांचे दात कोणाच्या तोंडात गेले, हे कोणी सांगत नाही.

याच काळात आमच्या पुण्याजवळ मात्र एक अगदी वेगळी गोष्ट घडत होती. वर मी नाकाचा अपवाद म्हटले तो उगीच नाही. ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात कावसजी नावाच्या माणसाची हकीकत चित्रासह छापून आली. नाव पारशाचे वाटले तरी मासिकाने त्याची ओळख मराठा शेतकरी अशी दिली आहे. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी फौजेत बैल हाकण्याचे काम करत असे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. तुटलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा. त्याच्या कडेने कातडी कापून सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये ती जोडलेलीच ठेवायची. आणि मग पिळा देऊन ती खाली नाकाच्या जागी बसवायची. चिकटवायला पाण्यात कालवलेला कात. चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. साधारण पंचविसाव्या दिवशी कपाळाशी असलेला तो सांधा कापायचा. मुंबई इलाख्यातल्या दोघा इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने ही माहिती मिळवून १८१४ मध्ये ती तिकडे करून दाखवली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आजच्या सौंदर्यशल्यशास्त्राचा एक उगम असा पुण्याच्या वीटभट्टीवर आहे. सुश्रुतसंहितेत नाक सांधण्याचा विधी आहे, तो गालाच्या कातडीचा. विटा पाडणाऱ्या माणसाने कपाळ निवडले.

ज्या १७९४ साली लंडनला हे छापले गेले, त्याच साली बारामतीस मोरोपंतांनी देह ठेवला. एकाच मराठी मुलखात, एकाच काळात एक माणूस आर्या रचत होता आणि दुसरा नाक. पहिल्याचे नाव पोराटोरांना ठाऊक आहे. दुसऱ्याचे नाव छापणाऱ्यांनी विचारलेसुद्धा नाही.

परंतु मला या हकीकतीतले सर्वांत मोलाचे वाटते ते कारागिरीहून निराळे आहे. लंडनमध्ये श्रीमंताच्या दातासाठी गरिबाचा दात उपटला जात होता. पुण्याजवळ कावसजीच्या नाकासाठी कावसजीचेच कपाळ पुढे आले. त्याने कोणाचे काही घेतले नाही, कोणाचे देणे लागला नाही, कोणी त्याला बहिष्कृत केले नाही. स्वतःच्या शरीराला परके समजून झिडकारणे शरीरालाही जमत नाही, हे त्या कारागिराला पेशींचे शास्त्र न शिकता कळले होते.

हाडांच्या बाबतीत हेच कळायला आणखी बराच काळ गेला. ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेन याने १८८० साली एका लहान मुलाच्या दंडाचे नासलेले हाड पुन्हा उभे केले. त्यासाठी त्याने वापरलेले हाडाचे तुकडे इतर मुलांचे वाकडे पाय सरळ करताना कापून काढलेले, म्हणजे एरवी फेकूनच दिले जाणारे होते. टाकाऊ हाड टिकाऊ करण्याची ही पहिली मोठी गोष्ट. विसाव्या शतकात रुग्णाच्या स्वतःच्या हाडाला सर्वांत वरचा मान मिळाला. जबड्यात हाड हवे असेल तर कमरेच्या किंवा हनुवटीच्या हाडातून थोडे काढून घ्यायचे. उत्तम उपाय, पण एका जखमेसाठी दुसरी जखम. कमरेचे हाड काढलेल्या माणसाला तोंडापेक्षा कंबरच अधिक दिवस दुखते. म्हणून पर्याय शोधले गेले. मृत दात्यांचे हाड स्वच्छ करून, किरणोत्साराने निर्जंतुक करून साठवणाऱ्या ऊतिपेढ्या निघाल्या. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशी पेढी १९८८ मध्ये सुरू झाली. दुसरा पर्याय गाईच्या हाडाचा. त्यातली सेंद्रिय द्रव्ये काढून टाकून केवळ खनिज सांगाडा ठेवायचा. १९८० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेली अशी भुकटी आज जगभर वापरली जाते. शास्त्राच्या दृष्टीने ती चांगली आहे. तिच्यावर वर्षानुवर्षांचा अभ्यास झालेला आहे.

शास्त्राच्या दृष्टीने. पण खुर्चीत बसलेला माणूस केवळ जबडा घेऊन येत नाही.

माझी थोरली वहिनी निमगाव केतकीकडची, माळकरी. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव करत इंदापूरला येते, त्या वाटेवर तिने आयुष्यभर वारकऱ्यांना भाकरी वाढली. तिची खालची एक दाढ हरभरे खाताना उभी चिरली, म्हणून मी तिला बारामतीस एका दवाखान्यात घेऊन गेलो होतो. डॉक्टरीणबाई तरुण आणि बोलायला गोड. म्हणाल्या, “आजी, दाढ काढावी लागेल. खड्ड्यात पावडर भरू, म्हणजे हाड बसायचं नाही.”

“कशाची पावडर?”

“हाडाची.”

“कुणाच्या हाडाची, बाई?”

डॉक्टरीणबाई क्षणभर घुटमळल्या. पण त्यांनी खोटे सांगितले नाही. “गाईच्या,” त्या म्हणाल्या. “पण त्यात मांसाचा कणसुद्धा राहत नाही.”

वहिनीने पदर सावरला आणि खुर्चीवरून पाय खाली सोडले. “भावजी, चला घरी. बिनदाताचं मरंन, पर हे नको.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, की त्यांनी शास्त्र ऐकवले नाही. त्यांनी तोंडाचा काढलेला फोटो पुन्हा दिव्यावर धरला आणि म्हणाल्या, “मग आजी, तुमचीच दाढ दळून तुम्हालाच घालते. चालेल?”

वहिनीने थोडा विचार केला. “दळून?”

“जात्यात दळतो तशी. धुऊन, स्वच्छ करून.”

“माझंच मला माघारी देताय, त्याला न्हाई कशाला म्हनू?”

आता ही युक्ती डॉक्टरीणबाईंना ऐन वेळी सुचलेली नव्हती. तिच्यामागे जवळजवळ साठ वर्षांची विद्या आहे. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्शल उरिस्ट या अस्थितज्ज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने हाडातला चुना आम्लाने काढून टाकला आणि राहिलेला प्रथिनांचा सांगाडा जनावराच्या स्नायूत, म्हणजे जिथे हाडाचे काही काम नाही अशा जागी ठेवला. तिथे नवे हाड तयार झाले! दुधात विरजण पडावे तसे त्या सांगाड्यात काहीतरी होते, जे शेजारच्या साध्या पेशींना हाड करायला लावत होते. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, उरिस्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चुना काढलेले दंतिन घेऊन तोच प्रयोग केला. दातानेही हाड धरवले. हाडाचे विरजण दातातही होते. पुढे १९७१ मध्ये त्या विरजणाला हाड घडवणारे प्रथिन या अर्थाचे नाव मिळाले.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. दात आणि जबड्याचे हाड ही एका घरचीच भावंडे आहेत. गर्भात दंतिन ज्या मूळ पेशींपासून घडते, जबड्याचे हाडही त्याच कुळातल्या पेशींपासून घडते. दंतिनात वजनाने सुमारे सत्तर टक्के खनिज, वीस टक्के सेंद्रिय द्रव्य, मुख्यतः कोलॅजन नावाचे प्रथिन, आणि दहा टक्के पाणी. हाडाची घडणही अशीच, फक्त खनिज थोडे कमी आणि सेंद्रिय भाग थोडा अधिक. निसर्गाने तर याची खूण फार पूर्वीच दाखवून ठेवली होती. सायकलवरून पडून एखाद्या पोराचा दात मुळासकट निघतो आणि डॉक्टर तो पुन्हा खोबणीत बसवतात. पुष्कळदा असा दात हाडाशी एकजीव होतो, आणि मग वर्षानुवर्षे शरीर त्याचे मूळ हळूहळू खात जाते व त्या जागी हाड भरत जाते. दंतवैद्य याला दात गमावणे म्हणत. हाड मिळवणे म्हणूनही त्याकडे पाहता येईल, हे सुचायला वेळ लागला.

आणि दात टिकतो किती! आमच्या जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या त्या माणसांचे आणि मुलांचे दात जॉन लुकाच आणि सु. रा. वाळिंबे यांनी तपासले. त्यांवरून ती माणसे काय खात, लहानपणी कोणते आजार काढत, याचा माग लावला. राज्ये गेली, भाषा बदलल्या, दात राहिले. इतका चिवट पदार्थ आपण दवाखान्याच्या कचऱ्यात टाकत होतो.

जपानमधल्या होक्काइदो येथील मासारू मुराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच दंतिनाचा चुना काढून ते त्याच्या वरच्या जबड्यात भरले आणि २००३ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग येथील परिषदेत ही हकीकत मांडली. कोरियात किम यंग-क्युन आणि त्यांच्या मंडळींनी २००८ च्या सुमारास ही पद्धत रोजच्या वापरात आणली. काढलेला दात पेढीकडे पाठवायचा आणि संस्कार होऊन तो ज्याचा त्याला परत यायचा, अशी सोय तिथे झाली. इस्रायलमधल्या इत्झाक बिंडरमन यांनी खुर्चीशेजारीच काम उरकण्याची रीत बसवली आणि २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. दातावरची कीड, भरलेले सिमेंट, किटण आणि मऊ भाग कोरून काढायचे. दात कोरडा करायचा. लहानशा यंत्रात काही सेकंद दळायचा. चाळून मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शापासून सव्वा मिलिमीटरच्या आतले दाणे घ्यायचे. दाहक सोडा आणि मद्यार्क यांच्या द्रावणात दहा मिनिटे ठेवून जंतू मारायचे. धुवायचे आणि खड्ड्यात भरून टाके घालायचे. फार बारीक पीठ झाले तर ते शरीर लवकर वाहून नेते. फार जाड राहिले तर हाडाला शिरायला वाट मिळत नाही. लाडवाच्या रव्याचे जे तंत्र, तेच इथे.

वहिनीच्या दाढेचे असेच झाले. चार महिन्यांनी फोटो काढला तेव्हा खड्डा भरून आलेला होता. हाडात पेच बसवून त्यावर पक्का दात करण्याइतके पैसे तिच्याकडे नव्हते आणि तिला त्याची हौसही नव्हती. तिने काढता-घालता येणारा साधा दात करून घेतला. पण त्या दाताला टेकायला ओटा राहिला, आणि वहिनी हरभरे पुन्हा खाऊ लागली.

इथे वाचकांना सावध करणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण नव्या उपायाचे भक्त फार लवकर तयार होतात. हा उपाय ज्याच्या तोंडात काढण्याजोगा दात आहे त्यालाच लागू. ज्याचे सगळे दात वीस वर्षांपूर्वीच गेले त्याला तो नाही. मुळात औषध भरून वाचवलेला दात यासाठी घेत नाहीत, कारण ते औषध दळून हाडात जाणे बरे नव्हे. दातातून मिळणारी भरड थोडी असते. अपघातात किंवा कर्करोगात जबड्याचा मोठा भाग गेला असेल तर तिथे कमरेच्या किंवा पायाच्या हाडाला पर्याय नाही. आजवरचे अभ्यास आशादायक आहेत, परंतु पुष्कळसे लहान आहेत आणि थोड्या वर्षांचे आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की दळण्यासाठी कोणी दात काढू नये. जात्याला दाणे हवेत म्हणून उभे पीक कोणी कापत नाही. चिरलेला, हलणारा, आडवी वाढलेली अक्कलदाढ म्हणून काढावाच लागणारा, असाच दात याला योग्य. दात वाचवणे ही दंतवैद्याची पहिली विद्या. दळणे ही फार नंतरची.

गाईच्या हाडाला किंवा दात्याच्या हाडाला मी दूषण देतो असेही कोणी समजू नये. मेल्यावर हाडे देणारा माणूस आपल्या काळातला दधीचीच आहे आणि अशा दानाने कित्येकांचे हातपाय वाचतात. माझे म्हणणे एवढेच, की घेणाऱ्याला ते कोणाचे आहे हे सांगितले पाहिजे. माझ्या वहिनीने विचारले म्हणून तिला कळले. न विचारणारे कितीतरी असतील. त्यात जैन असतील, मुसलमान असतील, ज्यांना डुकराच्या कोलॅजनचा पडदा चालणार नाही. आणि काहीच न मानणारेही असतील, ज्यांना केवळ जाणून घ्यायचे आहे. आपल्या देशात मानवी अवयवांच्या रोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि २०११ च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत ऊतीही आल्या. दुसऱ्याचे घ्यायचे तर कायदा लागतो, साक्षीदार लागतो, देणाऱ्याची संमती लागते. आणि तसे लागलेच पाहिजे, नाहीतर रोलंडसनच्या चित्रातली ती पोरे पुन्हा दारात येऊन उभी राहतील. स्वतःचे स्वतःला परत घ्यायला मात्र कोणाची सही लागत नाही, आपली सोडून.

कुत्र्याच्या कवटीपासून चिरलेल्या दाढेपर्यंतचा हा साडेतीनशे वर्षांचा रस्ता. मला तो शास्त्राच्या विजयाचा रस्ता वाटत नाही. दुसऱ्याच्या शरीरावर हात टाकायचा, की आपल्याच शरीरात शोधायचे, या दोन वाटा सतत समोर होत्या, आणि ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी बहुधा पहिली धरली. दुसरी वाट दाखवली ती विटा पाडणाऱ्या एका अनामिकाने. आजच्या यंत्रांवर निर्मात्यांची नावे आहेत, पद्धतींवर हक्क नोंदलेले आहेत, ते योग्यही असेल. पण ‘याच माणसाचे घ्या आणि यालाच द्या’ हा मूळ मंत्र कोणाच्या नावावर नाही.

आमच्या लहानपणी दुधाचा दात पडला की आई तो घराच्या कौलांवर फेकायला सांगे. कोणी उंदराच्या बिळात टाकत आणि उंदराकडून त्याच्यासारखा चिवट दात मागून घेत. केरात टाकायला कोणी सांगत नसे. आज काढलेला दात दवाखान्यातल्या पिवळ्या पिशवीत पडतो आणि जाळायला जातो. तुमचा दात काढायची वेळ आली, तर त्या पिशवीचे तोंड उघडण्याआधी एवढे विचारा, की हा माझा मला काही कामाचा आहे का. उत्तर ‘नाही’ असेल तर नाही. पण विचारण्याचा अधिकार तुमचा आहे, कारण दात तुमचा आहे.